रेणापूरच्या घराखालची माती

सिव्हिल मी निवडलं नव्हतं. मला कॉम्प्युटर हवं होतं. त्याच्या जागा माझा नंबर यायच्या आधीच संपल्या आणि पुढच्या फेरीत नांदेडच्या एका कॉलेजचं सिव्हिल माझ्या वाट्याला आलं. मोबाइलवर ते वाचलं तेव्हा मी कंधारला आमच्या दुकानात उभी होते. अब्बांचं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांच्या ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे असली कामं. त्यांनी डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि काय लागलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. "अच्छा हुआ," ते म्हणाले, "अपनेच लाईन का है," आणि काच खाली ओढून परत कामाला लागले. मला रडू येत होतं, पण दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं.

पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळंच शिकायचं असतं, त्यामुळे कुणाला काय आवडतं हा प्रश्न येत नाही. मैदानात तिपाईवर लेव्हलची दुर्बीण लावून एकमेकींच्या हातातल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे, काँक्रीटचे ठोकळे ओतायचे, ते पाण्यात ठेवायचे आणि नंतर यंत्राखाली फोडायचे. ठोकळा फुटताना बंदुकीसारखा आवाज येतो. पहिल्यांदा मी दचकले, नंतर त्याची सवय झाली.

तिसऱ्या वर्षी विषय निवडायची वेळ आली तेव्हा हॉस्टेलवर महिनाभर तीच चर्चा होती. ज्यांना लवकर सरकारी नोकरी हवी होती त्या रस्ते आणि वाहतूक म्हणत होत्या. पर्यावरणाला कुणी फारसं विचारत नव्हतं, कारण त्यात सांडपाण्याचे नमुने तपासावे लागतात. आणि लातूरकडच्या बहुतेक मुलींना स्ट्रक्चर हवं होतं, म्हणजे इमारतींचा सांगाडा, बीम, कॉलम, भूकंपाचा भार. त्यांच्या घरात भूकंप कुणी ना कुणी बघितलेला असतो आणि जेवताना त्याचा विषय निघतोच. मलाही स्ट्रक्चरच घ्यायचं होतं. त्यामागे भूकंप नव्हता. स्ट्रक्चरची मुलं हुशार समजली जायची, एवढंच.

मातीचा विषय, म्हणजे जिओटेक, शिकवायला एक मॅडम होत्या. उंच, कडक, कधी न हसणाऱ्या. त्यांच्या प्रयोगशाळेत सगळीकडे ओल्या मातीचा वास यायचा आणि ओढणीला लागलेले डाग धुऊनही जायचे नाहीत. तिथं कुणी आपणहून जात नसे.

माझी रूममेट रेणापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरची शेती, सोयाबीन आणि तूर. कमी बोलायची, पण जे बोलायची ते एका वाक्यात संपवायची. तिला पाण्याचा विषय घ्यायचा होता. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडं टँकर येतो तवा समदं गाव भांडतं. मला ते बघून कंटाळा आलाय." तिनं पाणी घेतलं, मी स्ट्रक्चर घेतलं आणि शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट मात्र दोघींनी मिळून करायचं ठरवलं, कारण एकमेकींशी आमचं जमत होतं.

प्रोजेक्टचा विषय तिनं सुचवला. सुचवला असंही म्हणता येणार नाही. एका संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे काढताना ती म्हणाली, "आमच्या घराला तडे गेलेत. ते करायचं का?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या थोरल्या भावाच्या लग्नाआधी तिच्या वडिलांनी नवं घर बांधलं होतं. गुत्तेदार होता तिचा सख्खा मामा. लातूरला तो घरांची कंत्राटं घ्यायचा. लग्न नव्या घरात झालं, सगळ्यांनी घराचं कौतुक केलं. दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. गिलावा करून बुजवल्या, पुढच्या उन्हाळ्यात त्या परत उघडल्या. तिच्या वडिलांनी चारचौघांत म्हटलं की मेव्हण्यानं सिमेंट खाल्लं. हे मामाच्या कानावर गेलं आणि त्यानंतर मामा त्या घरी आला नाही. तिची आई भाऊबीजेला माहेरी गेली नाही. घरात मामाचं नाव निघालं की ती उठून आत जायची.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय होतंय? मोजलं पायजे."

मी लगेच माझ्या विषयाच्या सरांकडे गेले. काँक्रीटची ताकद न फोडता तपासायचं एक यंत्र असतं. दांड्यासारखं असतं, भिंतीवर टेकवून दाबायचं, आतला हातोडा आपटून मागं येतो आणि किती मागं आला त्यावरून अंदाज बांधायचा. सरांनी ते द्यायचं कबूल केलं. पण प्रोजेक्टवर सही जिओटेकच्या मॅडमची लागणार होती, कारण बाकी कुणाकडे जागा उरली नव्हती. मॅडमनी आमचे फोटो बघितले. भेगा नीट मोठ्या करून बघितल्या.

"पावसाळ्यात या भेगा मिटतात का?"

मैत्रीण म्हणाली, "मिटतात. पण मग मागचं दार अडकतं."

"मग भिंत काय तपासता? पाया कशात आहे ते बघा आधी."

मला ते पटलं नव्हतं. पण विद्यार्थ्याच्या पटण्याला महत्त्व नसतं.

जमिनीतून माती न विसकटता काढायला एक लोखंडी नळी लागते. कॉलेजातली नळी बाहेर न्यायला परवानगी मिळाली नाही. मी अब्बांना फोन केला, मापं सांगितली. त्यांनी दोन नळ्या केल्या, एका टोकाला धार लावलेली, आतून घासून गुळगुळीत. रविवारी मी त्या न्यायला गेले तेव्हा म्हणाले, "इससे क्या निकालेगी?" मी म्हणाले, माती. त्यांनी नळी हातात फिरवून बघितली. मग त्यांनी दुकानातल्या माणसाला त्यावर रंग मारायला सांगितलं.

आम्ही उन्हाळा तापायला लागला तेव्हा गेलो. घर गावाच्या कडेला होतं. पुढं ओटा, मागं न्हाणी. भेगा फोटोत दिसत होत्या त्यापेक्षा मोठ्या होत्या. एकीत माझ्या करंगळीचं नख शिरलं. मैत्रिणीचे वडील आमच्यासोबत खोलीखोलीतून फिरले आणि प्रत्येक भेग दाखवताना असं बोलत होते, जणू आम्ही पंचनाम्याला आलोय.

"हे बघा. आन् हितं बघा. म्या पैसे दिले ते चांगल्या मालाचे दिले."

मी ते हातोड्याचं यंत्र कॉलमवर लावलं. ते मागं उभे होते. प्रत्येक आकड्याला विचारत, "किती आला?" मी सांगायची. "म्हंजे कमी का जास्ती?" पहिल्या कॉलमला मी म्हणाले, ठीक आहे काका. दुसऱ्यालाही ठीकच होता. सगळे कॉलम होईपर्यंत त्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं. काँक्रीट फार उत्तम नव्हतं, पण वाईटही नव्हतं. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहाचं याहून बरं असेल याची मला खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी गड्यांनी घराच्या मागच्या कोपऱ्याजवळ खड्डा खणला. वरची काळी माती कोरडी, ढेकळांची. खाली जाऊ तशी ती दमट आणि चिकट होत गेली, फावड्याला धरून राहणारी. पायाचं काँक्रीट छातीएवढ्या खोलीपर्यंतसुद्धा गेलेलं नव्हतं, आणि त्याच्या खाली पुन्हा काळीच माती होती. मुरूम लागला तो त्याहून बराच खाली. म्हणजे घर मुरमावर उभंच नव्हतं. ते काळ्या मातीवर नुसतं ठेवलेलं होतं.

त्याच कोपऱ्यात न्हाणीचं पाणी बाहेर पडत होतं. न्हाणीचा पाइप भिंतीला लागूनच संपत होता आणि त्या पाण्यावर केळीचं एक बेट चांगलं पोसलं होतं. घराच्या दुसऱ्या बाजूला मात्र जमीन उन्हानं हात जाईल एवढी फाटली होती. मैत्रीण केळीकडे बघत उभी राहिली. "ही अण्णांनी लावलीत," ती हळूच म्हणाली. वडिलांना ती अण्णा म्हणायची.

परत येताना आमच्याकडे नळ्या आणि मातीची दोन पोती होती. लातूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत चढताना कंडक्टरनं अडवलं.

"काय हाय पोत्यात?"

"माती."

"माती?"

"हां. तपासायला नेतोय."

"नांदेडला माती न्हाई का?" असं म्हणून त्यानं पोती मागच्या सीटखाली सरकवायला लावली. अहमदपूरपर्यंत तो अधूनमधून पोत्यांकडे बघत होता.

पण नांदेडला निघायच्या आधी आम्ही मामाकडे जाऊन आलो होतो. हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. लातूरला बार्शी रोडच्या बाजूला त्याचं एक काम चालू होतं. तो विटांच्या ढिगावर बसून फोनवर वाळूवाल्याशी भांडत होता. भाचीला बघून उठला, फोन ठेवला, आणि पोराला दोन चहा सांगितले. मग त्याच्या ध्यानात आलं की ती कुठून आली असेल.

"तुझ्या बापानं पाठवलं का?"

"न्हाई. प्रोजेक्ट हाय. पाया किती खोल घेतला होता, कशामुळं, तेवढं विचारायचंय."

मामा खाली बघून हसला. "म्या म्हणलो होतो दाजीला, मुरूम लागला न्हाई, अजून खांदू. ते म्हणले, बास, लग्न तोंडावर हाय. आता म्या सिमेंट खाल्लं म्हणतेत."

"मामा, केळी तवा होती का?"

"कसली केळी?"

त्याला केळीचं काहीच माहीत नव्हतं. भांडणानंतर तो त्या घराकडे फिरकलाच नव्हता.

मग नांदेडला महिनाभर आम्ही मॅडमच्या प्रयोगशाळेत होतो. एक अगदी साधा प्रयोग असतो. वाळवून चाळलेली माती दोन काचेच्या नळकांड्यांत थोडी थोडी घालायची. एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. एक दिवस ठेवायचं. रॉकेलमधली माती होती तेवढीच राहते. पाण्यातली आमची माती फुगून जवळजवळ दुप्पट झाली होती. मी वही उघडी ठेवून त्या दोन नळकांड्यांकडे बघत बसले. वर्गात हे सगळं शिकवलेलं होतं, परीक्षेत मी त्याचं उत्तरही लिहिलं होतं. पण घरात दार अडकतं आणि बाई सणाला माहेरी जात नाही, ते या काचेत वर चढलेल्या मातीमुळे, हे तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं. मॅडम मागून आल्या, आकडा वाचला आणि म्हणाल्या, "पुन्हा करा. एका वाचनावर कुणाच्या घराबद्दल बोलायचं नसतं."

आम्ही पुन्हा केला. तेवढंच आलं.

हे घरी कसं सांगायचं, यावर आम्ही फार बोललो नाही. मैत्रिणीनं फक्त एवढं विचारलं, "तू सांगशील का? मी सांगितलं तर मामाकडून बोलते म्हणतील." मी हो म्हणाले.

तिच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून सांगितलं. मैत्रिणीचे वडील खुर्चीवर, आई दाराच्या चौकटीला टेकून, भाऊ पायरीवर. मी सांगितलं की काँक्रीट चांगलं आहे. खालची माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मागच्या कोपऱ्यात न्हाणीच्या पाण्यामुळे ती वर्षभर फुगलेली असते आणि पुढच्या बाजूला उन्हाळ्यात आकसते. म्हणून घर एका बाजूला उचललं जातं, दुसरीकडे बसतं, आणि भिंत मधे फाटते. पाया मुरमापर्यंत गेला असता तर एवढं झालं नसतं.

मैत्रिणीचे वडील म्हणाले, "म्हंजे चोरी न्हाई?"

"न्हाई काका."

"पर पाया कमी घेतला. ते त्यानंच घेतला ना?"

मी म्हणाले, कमी घेतला हे खड्ड्यात दिसतं. कुणाच्या सांगण्यावरून घेतला, ते मातीत दिसत नाही.

"म्या बास म्हणलो न्हाई. त्यानंच इचारलं न्हाई."

तेव्हा दारातून मैत्रिणीची आई बोलली. आवाज न चढवता, जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं.

"त्यानं इचारलं. तुमी म्हणले, कसं करावं? तो म्हणला, बास करू. तुमी म्हणले, हां, बास. दोघंबी म्हणले. म्या तिथंच चहा घेऊन हुबी होते."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. मैत्रिणीचा भाऊ पायरीवरचं काहीतरी नखानं खरवडत राहिला.

"मग इतके दिवस बोलली कामून न्हाईस?" तिचे वडील शेवटी म्हणाले.

"मला कुणी इचारलं?"

ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जास्त नाही. वडील उठले, मागं गेले. आम्ही ओट्यावरच बसून होतो. थोड्या वेळानं मागून कोयत्याचे घाव ऐकू आले. ते केळी तोडत होते. घड धरलेलीसुद्धा त्यांनी ठेवली नाही.

दुरुस्ती काय करायची ते मॅडमनी आम्हाला सांगितलं होतं. न्हाणीचं पाणी पाइप टाकून लांब नेऊन शोषखड्ड्यात सोडायचं. घराभोवती चारी बाजूंनी उताराची फरशी करायची, म्हणजे पाणी भिंतीशी मुरणार नाही आणि ऊनही जमिनीला तेवढं फाडणार नाही. एखादा पाऊस आणि एखादा उन्हाळा थांबायचं आणि मगच भेगा भरायच्या. हे काम मैत्रिणीच्या वडिलांनी दुसऱ्या गुत्तेदाराला दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी मेव्हण्याला फोन केला. मैत्रीण तिथं होती, तिनं मला सांगितलं. माफी वगैरे काही नाही. "काम हाय. पाइप लागंल, फरशी लागंल. येता का पाव्हणं?" पलीकडून मामानं विचारलं, किती फूट. एवढंच बोलणं झालं.

मामा आला तेव्हा तो आधी घरात शिरला नाही. मागं जाऊन त्यानं टेप लावून मापं घेतली. मैत्रिणीच्या आईनं पाणी दिलं, ते तो उभ्यानंच प्यायला. "अक्का, वाळलीस," म्हणाला. तिनं तांब्या घेतला आणि म्हणाली, "तुझे केस बी पांढरे झाले की." काम आठवडाभर चाललं. जेवायला तो आत बसला तो तिसऱ्या दिवशी, बाहेर फारच ऊन होतं म्हणून. हे दोन पुरुष अजूनही एकमेकांशी फक्त सिमेंट, पाऊस आणि भाव याबद्दल बोलतात, असं मैत्रीण सांगते. त्या दिवाळीला तिची आई माहेरी गेली आणि चांगली आठ-दहा दिवस राहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आमचा रिपोर्ट उलटापालटा चाळला. "काळ्या मातीवर पाया खोल घ्यावा, हे तर सगळ्यांना माहीत आहे. यात तुमचं नवीन काय?" मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "नवीन काही नाही सर." मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. मार्क बरे पडले.

पुढे पदव्युत्तरच्या प्रवेशाला मी जिओटेक पहिलं टाकलं. माझे स्ट्रक्चरचे सर नाराज झाले. म्हणाले, मुलींना साइटवर खड्ड्यांजवळ उभं राहावं लागतं त्यात, विचार कर. अब्बांनी वेगळंच विचारलं. लोखंडाचं शिकलीस तर मला समजेल तरी, मातीत काय ठेवलंय? मी त्यांना नळकांड्यांचा प्रयोग सांगितला. त्यांनी तो घरी करून बघितला, अम्मीच्या लोणच्याच्या दोन बरण्यांत. अम्मी रॉकेलच्या वासावरून दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पण बरणीत चढलेली माती त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली.

मैत्रीण आता पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. जळकोटकडच्या खेड्यांत टाक्या आणि पाइपलाइनची देखरेख करते. तिथं लोक आधी तिच्यामागच्या ड्रायव्हरला इंजिनिअर समजतात, मग तिच्याशी भांडतात. भांडणं ती शांतपणे ऐकून घेते आणि शेवटी पाण्याचा दाब मोजून दाखवते. महिन्यातून एकदा ती लातूरला येते आणि आम्ही स्टँडसमोर जेवतो.

मी लातूरलाच एका माती तपासणीच्या खासगी प्रयोगशाळेत आहे. घर बांधणारे आमच्याकडे फारसे येत नाहीत. शाळा, बँका, पेट्रोल पंप येतात, कारण त्यांना अहवाल लावावाच लागतो. बरेच जण तो न उघडता फाइलला लावतात. कधीतरी एखादा माणूस येतो आणि विचारतो, माझ्या प्लॉटवर मुरूम किती खाली आहे ते बघून द्याल का, बायको म्हणते आधी बघून घ्या. असा माणूस आला की मी स्वतः जाते. गेल्या आठवड्यात औशाकडे एक जोडपं होतं. खड्डा खणताना बाई शेवटपर्यंत काठावर छत्री धरून उभी राहिली आणि प्रत्येक थर निघाला की विचारत होती, ही कोणती, आता ही कोणती. मी सांगत होते. नमुने काल ओव्हनमध्ये वाळायला ठेवलेत.